दर्या इंग्रजांचा, जमीन नेपोलियनची : नाकेबंदीच्या युद्धात गोवा

पणजीजवळ दोनापावला येथे, काबो राजभवनाच्या वाटेवर, एक जुनी ब्रिटिश दफनभूमी आहे. गोवा साडेचारशे वर्षे पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. मग इथे इंग्रजांच्या कबरी कशा, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर गोव्यात नाही, युरोपातल्या युद्धात आहे.

इंग्रज सैन्य गोव्यात का आले?

१७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. इकडे टिपू सुलतानाचे फ्रेंचांशी संधान होते. गोव्यासारखे उत्तम बंदर फ्रेंचांच्या हाती पडू नये, ही इंग्रजांची मुख्य चिंता होती. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, तरी त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्रज सैन्य गोव्यात दाखल झाले. काबो, आग्वाद अशा मोक्याच्या जागी त्यांच्या पलटणी राहिल्या. कारभार पोर्तुगीज गव्हर्नरचाच होता, पण बंदराच्या तोंडाशी बंदूक इंग्रजांची होती.

दोन नाकेबंद्या

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गारच्या लढाईत नेल्सनच्या २७ लढाऊ गलबतांनी फ्रान्स-स्पेनच्या ३३ गलबतांच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला. नेल्सन मारला गेला, पण त्याचे एकही गलबत शत्रूच्या हाती गेले नाही. दीडच महिन्यात नेपोलियनने ऑस्टरलिट्झ जिंकले. म्हणजे समुद्र एकाचा आणि जमीन दुसऱ्याची, अशी वाटणी झाली.

इंग्लंडवर चाल करणे अशक्य झाल्यावर नेपोलियनने त्याच्या व्यापारावर घाव घालायचे ठरवले. नोव्हेंबर १८०६ च्या बर्लिन फर्मानाने त्याने आपल्या ताब्यातील बंदरे इंग्रजी मालाला बंद केली. इंग्लंडने १८०७ मध्ये उलट हुकूम काढला की तटस्थ देशांच्या गलबतांनी आधी इंग्रजी बंदरात येऊन जकात भरावी. त्यावर मिलान फर्मान आले : जे गलबत हा हुकूम पाळेल ते शत्रूचे समजून जप्त केले जाईल. तटस्थ व्यापाऱ्याला दोन्हीकडून मार होता.

पण आरमाराशिवाय किनाऱ्यावर पहारा ठेवणे कठीण असते. माल्टा आणि हेलिगोलंड बेटांवरून चोरटा व्यापार जोरात चालला. युरोपात साखर महागली आणि बीटपासून साखर काढण्याला फ्रान्समध्ये सरकारी उत्तेजन मिळाले.

पोर्तुगालची कोंडी

पोर्तुगाल हा इंग्लंडचा चौदाव्या शतकापासूनचा मित्र. लिस्बन बंदर बंद व्हावे म्हणून नेपोलियनने १८०७ मध्ये सैन्य पाठवले. फ्रेंच लिस्बनमध्ये शिरण्याच्या आदल्या दिवशी, २९ नोव्हेंबरला, राजघराणे इंग्रजी आरमाराच्या संरक्षणात ब्राझीलला निघाले. पुढची काही वर्षे गोव्यासाठीचे राजाचे हुकूम रिओ द जानेरोहून निघत होते.

१८०८ मध्ये पोर्तुगालमध्ये उतरलेल्या इंग्रज फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली आपल्याला परिचित आहे. १८०३ मध्ये असईला त्यानेच शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला होता. १८१० च्या हिवाळ्यात तो लिस्बनजवळ तोरेश व्हेद्राशच्या तटबंदीमागे बसला. त्याची रसद समुद्रमार्गे येत राहिली. बाहेर उजाड मुलखात फ्रेंच फौज उपासमारीने खंगली आणि मागे फिरली. आरमार जमिनीवरची मोहीम कशी जिंकून देते, याचे हे स्वच्छ उदाहरण.

शेवट

१८१० च्या अखेरीस रशियाने तटस्थ गलबतांना बंदरे खुली केली. त्याला वठणीवर आणण्यासाठी नेपोलियनने १८१२ मध्ये प्रचंड सेनेनिशी स्वारी केली आणि ती सेना तिथेच संपली. समुद्रावर जे साधले नाही ते जमिनीवरून साधण्याचा हट्ट त्याला भोवला.

हिंदी महासागरात फ्रेंच लुटारू गलबतांचा तळ असलेले मॉरिशस इंग्रजांनी डिसेंबर १८१० मध्ये घेतले. फ्रेंचांचे भय सरले आणि १८१३ मध्ये इंग्रज सैन्य गोव्यातून गेले. दरम्यान १८१२ मध्ये गोव्यातील इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. त्यामागे इंग्रजांच्या दबावाचाही वाटा होता.

या सगळ्यात गोव्याच्या माणसाला कोणी विचारले नाही. स्वतःचे आरमार नसलेल्या बंदराचे भवितव्य दुसऱ्याच्या आरमाराने ठरवले. दोनापावल्याला गेलात तर मुलांना ती दफनभूमी जरूर दाखवा आणि ही गोष्ट सांगा.