१२ डिसेंबरचं दार

तुम्ही प्रताप नगरात उभे आहात. जयपूरच्या दक्षिणेला, सांगानेरकडे जाताना टोंक रोडलगत हाउसिंग बोर्डानं सेक्टर पाडून वसवलेली ही वस्ती. भाड्याच्या खोलीत एक मुलगी आर.जे.एस.चा, म्हणजे राजस्थान न्यायिक सेवेचा अभ्यास करते आहे. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत हे सगळं राजस्थान उच्च न्यायालय घेतं. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तीन वर्षं वकिली केल्याचा दाखलाही लागतो. कनिष्ठ न्यायाधीश व्हायचं तर काय करावं लागेल, हे तिला आज रात्री पाठ आहे. पण ती ज्यांच्या हाताखाली काम करेल, त्या मुख्य न्यायमूर्तींची आणि त्यांच्याही वरच्या न्यायाधीशांची निवड कशी होते? त्यासाठी तुम्हाला मागं जावं लागेल.

२४ मे १९४९. दिल्ली उन्हानं तापली आहे आणि तुम्ही संविधान सभेत बसला आहात. न्यायाधीशांच्या नेमणुकीवरच्या दुरुस्त्या चर्चेला आहेत. बी. पोकर साहेबांचं म्हणणं, सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करा. के. टी. शहांना संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचाही सल्ला हवा आहे. डॉ. आंबेडकर उत्तराला उठतात. इंग्लंडसारखी सगळी सत्ता सरकारला देणं त्यांना धोक्याचं वाटतं. अमेरिकेसारखी सिनेटची मंजुरी घ्यायची, तर नेमणुकीत राजकारण शिरेल. आणि सरन्यायाधीशांचा नकाराधिकार? सरन्यायाधीशही माणूसच, सामान्यांचे राग-लोभ आणि पूर्वग्रह त्यालाही असतात, तेव्हा तो अधिकार एका माणसाच्या हाती नको, असं ते बजावतात. हे वाक्य कानात ठेवा, पुढे लागेल.

तीन महिन्यांनी, २९ ऑगस्टला, राजस्थानचं नवं उच्च न्यायालय सुरू होतं. राजप्रमुख सवाई मानसिंह, पहिले मुख्य न्यायमूर्ती कमला कांत वर्मा. राजधानी जयपूरला, न्यायालयाचं मुख्य पीठ जोधपूरला. १९५१ मध्ये तिथे कैलास नाथ वांछू येतात. ते आय.सी.एस., कायद्याची पदवी नाही, आणि पुढे १९६७ मध्ये देशाचे सरन्यायाधीश होतात. वाट एकच नव्हती, हे तुमच्या लक्षात येतं.

आता वर्षं भराभर मागं टाका, पण १९७६ पाशी क्षणभर थांबा. आणीबाणीत उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. सरकारच्या हाती न्यायाधीशांचं भवितव्य गेलं की काय होतं, ते देशानं तेव्हा पाहिलं. त्यामुळे ३० डिसेंबर १९८१ ला सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीशांच्या नेमणुकीत सरकारचा शब्द शेवटचा ठरवला आणि ६ ऑक्टोबर १९९३ ला तोच निर्णय उलटवला, यातलं दुसरं पाऊल मला योग्य वाटतं. १९९८ पासून सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुका सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश मिळून सुचवतात, हेच कॉलेजियम. नेमणुकांसाठी संसदेनं आणलेला आयोग १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक मतानं रद्द झाला. एका माणसाऐवजी पाच माणसं आली, एवढी आंबेडकरांच्या शंकेची दखल घेतली गेली. त्या पाचांनी काय विचार केला हे लोकांना कसं कळणार, हा प्रश्न तसाच राहिला.

१२ डिसेंबर २०१८. तुम्ही सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीत आहात. आत कॉलेजियमचे पाच जण: सरन्यायाधीश रंजन गोगोई, मदन लोकुर, ए. के. सिक्री, नागपूरचे शरद बोबडे आणि एन. व्ही. रमणा. राजस्थानचे मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि दिल्लीचे राजेंद्र मेनन यांना सर्वोच्च न्यायालयात आणायचं ठरलं, अशी बातमी पुढे येणार आहे. तुम्ही १९४९ गाठलंत, संविधान सभेत बसलात, पण या खोलीत तुम्हाला जाता येत नाही. बाहेर उभं राहा.

हिवाळी सुट्टी लागते. ३० डिसेंबरला लोकुर निवृत्त होतात, त्यांच्या जागी अरुण मिश्रा येतात. १० जानेवारी २०१९ चा ठराव सांगतो की १२ डिसेंबरला काही निर्णय झाले होते, पण सल्लामसलत पूर्ण झाली नाही आणि आता नवी माहिती हाती आली आहे. नावं बदललेली असतात: संजीव खन्ना आणि दिनेश माहेश्वरी. माहेश्वरी २००४ पासून राजस्थान उच्च न्यायालयात न्यायाधीश होते, आता कर्नाटकचे मुख्य न्यायमूर्ती आहेत. या दोघांच्या योग्यतेबद्दल माझं काही म्हणणं नाही. नवी माहिती कोणती, हे सांगायला हवं होतं. ज्याचं नाव गळलं, त्याच्यावर न सांगितलेल्या कारणाची सावली पडते आणि तिला उत्तर देण्याची सोय त्याला नसते. डिसेंबरचा ठराव प्रसिद्ध झाला नाही म्हणून आपण निराश झालो, असं लोकुर त्याच जानेवारीत जाहीरपणे सांगतात.

एप्रिलमध्ये मुंबईला या. नंदराजोग मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून शपथ घेत आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये ते तिथूनच निवृत्त होतील.

९ डिसेंबर २०२२. २०१८ च्या त्या बैठकीची कागदपत्रं माहिती अधिकारात मागणारी अंजली भारद्वाज यांची याचिका सर्वोच्च न्यायालय फेटाळतं. सर्वांच्या सह्या झालेला अंतिम ठराव तेवढाच जाहीर करायचा, चर्चा नाही, असं न्यायालय म्हणतं. मला हे पटत नाही. चर्चेतला शब्द न शब्द कुणी मागत नाही. निर्णय फिरला तर तो का फिरला, एवढं तरी लोकांना समजायला हवं.

५ मे २०२५ ला मात्र सर्वोच्च न्यायालय स्वतःच्या संकेतस्थळावर उच्च न्यायालयांच्या नेमणुकांचा तपशील टाकतं: शिफारस झालेली नावं, कोण वकिलीतून आलं, कोण न्यायिक सेवेतून, कुणाचं आजी-माजी न्यायाधीशांशी नातं आहे. प्रताप नगरातली ती मुलगीही तो फोनवर वाचू शकते. तपशील ९ नोव्हेंबर २०२२ पासूनचा आहे. १२ डिसेंबर २०१८ त्यात येत नाही.