लव्हाळ्याची मुळी आणि विनयातील त्वचालेप

विनयपिटक म्हणजे केवळ नियमांचा संग्रह, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु महावग्गातील सहावा खंधक, भेसज्जक्खंधक, वाचला असता भिक्खुसंघाच्या दैनंदिन शुश्रूषेचे विलक्षण जिवंत चित्र समोर उभे राहते. त्यातील त्वचारोगविषयक भागाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

आयुष्मान आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना थुल्लकच्छ नामक त्वचारोग जडला होता. लसीमुळे चीवर अंगास चिकटे आणि भिक्खू ते पाण्याने भिजवून भिजवून सोडवीत. निवासस्थानांची पाहणी करीत फिरत असताना तथागतांच्या दृष्टीस हे पडले. त्यांनी विचारपूस केली आणि खाज, गळू, वाहते व्रण अशा विकारांसाठी औषधी चूर्णांची अनुज्ञा दिली. चूर्णासाठी उखळ-मुसळ आले. पुढे चाळणी आणि वस्त्रगाळ करण्याचे फडकेही आले. प्रत्येक साधनामागे कोणाची तरी नड आहे. पिलिंदवच्छांचे पाय भेगाळले, तेव्हा पायांस लावण्याचे तेल व लेप यांची अनुज्ञा मिळाली; गळवासाठी काढ्याचे पाणी आणि तिळाचा कल्क यांची.

औषधी मुळांच्या यादीत हळद, आले, वेखंड, वाळा यांच्या पंक्तीस ‘भद्दमुत्तक’ आहे. ही भद्रमुस्ता, म्हणजेच आपला लव्हाळा. कितीही खुरपला तरी जमिनीतील गाठींतून पुन्हा उगवणारे हे तण शेतकऱ्यास नकोसे असते. विनयात मात्र त्यास औषधाचे स्थान आहे. मुळे वाटण्यासाठी ‘निसद’ व ‘निसदपोतक’, म्हणजे पाटा-वरवंटा, यांचीही अनुज्ञा आहे. तक्षशिलेस आचार्यांनी जीवकाला योजनभर परिसरात औषध नसलेली वनस्पती शोधण्यास पाठविले आणि तो रिक्तहस्ते परतला, ही महावग्गातीलच कथा येथे आठवते.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. बेलट्ठसीसांचे चूर्ण कोणत्या वनस्पतींचे होते, हे मूळ पाठात सांगितलेले नाही. मुळांची यादीही केवळ त्वचेसाठी नाही. म्हणून ‘बुद्धांचा मलम’ अशी एखादी कृती पाठावर लादणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

जे सांगितले आहे ते अधिक मोलाचे आहे. भिक्खूस जमीन खणण्यास व वनस्पती तोडण्यास पाचित्तियाचा प्रतिबंध आहे. अर्थात अंगणातील तणाची मुळीसुद्धा दुसऱ्याच्या हातूनच त्याच्याकडे यावयाची. वाळलेली मुळी आजारासाठी आयुष्यभर जवळ ठेवता येते; तूप, लोणी, तेल, मध व फाणित यांना मात्र सातच दिवसांची मुदत. मुळी त्यांत मिसळली की मिश्रणालाही सात दिवसच. राजगृहात औषधांचे साठे होऊन मडकी पाझरू लागली, उंदीर माजले, तेव्हा हा नियम झाला. मुदत उलटलेले तेल संघापुढे टाकावे लागे. परत मिळाल्यावर साठविणाऱ्याने ते खावयाचे नाही, स्वतःच्या अंगासही लावावयाचे नाही, दिव्यास वापरावे. दुसऱ्या भिक्खूने मात्र ते अंगास लावण्यास हरकत नाही.

या तरतुदीतच सारे मर्म आहे, असे आमचे मत आहे. लेपाची सामग्री पायाखालच्या तणाइतकी सुलभ आहे; पण ती दुसऱ्याच्या हातून यावी आणि साठून राहिलीच तर दुसऱ्याच्या उपयोगी पडावी.

आज कोणी हळद, लव्हाळा वाटून तेलात लेप केला, तर तो थोडाच करावा, उघड्या जखमेवर लावू नये आणि चिघळलेल्या व्रणासाठी वैद्यकीय उपचारच घ्यावेत. परंतु त्याआधी आपल्या घरातील व विहारातील वृद्धांच्या अंगास चिकटलेले वस्त्र आपल्या दृष्टीस पडले पाहिजे. भेसज्जक्खंधकातील चूर्णाची कथा तेथूनच सुरू होते.