घडीच्या चाकूचे पाते मिटू नये म्हणून

सहावी-सातवीत असतानाची गोष्ट. रंगपंचमीसाठी बांबूची पिचकारी करण्याच्या खटाटोपात मी कांडीच्या पेराला चाकूने भोक पाडत होतो. चाकू घडीचा, पेन्सिलींना टोक करण्यासाठी घरात ठेवलेला. पात्याचे टोक पेरात रुतले, मूठ धारेच्या बाजूला किंचित कलली आणि पाते एकदम मिटले. तर्जनीवरची खूण अजून आहे. चाकूची धार फार तेज होती, असा निष्कर्ष घरातल्या मोठ्यांनी काढला. पण त्याच चाकूने वर्षभर पेन्सिली तासताना काही झाले नव्हते. धार तीच होती. बदलली होती ती बलाची दिशा.

पेन्सिल तासताना लाकडाचा विरोध धारेवर येतो आणि पात्याला आणखी उघडण्याच्या दिशेने रेटतो. तिकडे त्याला मुठीचा आधार असतो. भोक पाडताना, खुपसताना किंवा रुतलेले पाते हलवून काढताना मात्र बल पाठीच्या बाजूने येऊ शकते. मग पात्याला मिटण्यापासून अडवणारे जे काही असेल त्यावरच बोटांची मदार राहते. घडीच्या चाकूचा इतिहास बराचसा या ‘जे काही’चा इतिहास आहे.

हे काम किती अवघड आहे ते तरफेच्या नियमाने पाहू या. पाते ज्या खिळ्याभोवती फिरते तो टेकू. खिळ्यापासून टोकापर्यंतचे अंतर ८ सेंटिमीटर, ही बलभुजा. पात्याच्या बुडाला जिथे अडसर लागतो ती जागा खिळ्यापासून जेमतेम ५ मिलिमीटरवर, ही भारभुजा. गुणोत्तर झाले १६. म्हणजे टोकावर पाच किलो वजनाइतके बल पडले, तर अडसरावर ऐंशी किलोइतके पडते. आणि अडसर झिजून ०.१ मिलिमीटर फट पडली, तर टोक १.६ मिलिमीटर डुगडुगते. जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या आणि एक टाचणी घेऊन वर्गात हे सहज दाखवता येईल. खऱ्या चाकूची गरज नाही.

हा चाकू फार जुना आहे. ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे सापडलेला, हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू इसवी सनापूर्वी ६०० ते ५०० च्या सुमाराचा मानला जातो. रोमन लोकही घडीचे चाकू वापरत. या जुन्या साध्या चाकूंत पाते जागेवर राही ते खिळ्यापाशी होणाऱ्या घर्षणाने आणि धरणाऱ्याच्या बोटांनी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील शेफील्डच्या कारागिरांनी मुठीच्या पाठीत पोलादी पट्टीची स्प्रिंग बसवायला सुरुवात केली. पाते उघडले की ही पट्टी त्याच्या बुडाच्या सपाट कडेवर दाबून बसते. मिटायचे तर पट्टीला उचलावे लागते. पिसाच्या लेखणीला टोक करायला एवढी सोय पुरेशी होती. (आपल्याकडे बोरू तासण्याचे कामही असेच धारेवरचे.) परंतु ही स्प्रिंग पात्याला खऱ्या अर्थाने अडवत नाही, ती फक्त विनंती करते. माझ्या पिचकारीच्या वेळी हातात होता तो याच जातीचा चाकू.

स्विस सैन्याचा प्रसिद्ध चाकूदेखील याच जातीचा. १८९१ साली कार्ल एल्सनर यांनी सैनिकांसाठी चाकू पुरवायला सुरुवात केली. त्यात पाते, आरी, डबा उघडण्याचे हत्यार आणि बंदूक सुटी करण्यासाठी पेचकस होता. १८९७ च्या सुधारित नमुन्यात त्यांनी एकाच स्प्रिंगच्या दोन्ही बाजूंना अवजारे बसवली. कल्पना सुंदर होती, पण पाते अडत नव्हतेच. अडणारे पाते स्विस सैनिकाच्या खिशात आले ते २००८ च्या नव्या नमुन्यात, म्हणजे ११७ वर्षांनी. सैन्याने चाकूकडे शस्त्र म्हणून नव्हे, अवजार म्हणून पाहिले, असाच याचा अर्थ मी लावतो.

ज्यांना चाकू शस्त्र म्हणून हवा होता, त्यांनी अडसराचा विचार आधीच केला होता. स्पेनमधील ‘नावाखा’ हा लांब घडीचा चाकू त्याचे ठळक उदाहरण. त्याच्या पाठीवरील स्प्रिंगच्या खिडकीत पात्याच्या बुडाचा दात अडकतो आणि कडी ओढल्याशिवाय सुटत नाही. काही नमुन्यांना अनेक दात असत. उघडताना करकर आवाज येई, तोच समोरच्याला इशारा. १८४९ मध्ये माद्रिदला हा चाकू चालवण्याच्या कलेवर एक पुस्तिकाही छापली गेली. आपल्याकडे हिंदी चित्रपटांनी गाजवलेला रामपुरी याच कुळीतला म्हणायला हरकत नाही. त्यातही आवाजाचे महत्त्व कामापेक्षा जास्त!

फ्रान्समधील साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू तयार केला. त्याला अडसर नव्हता. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी खिळ्याभोवती एक चिरलेले कडे बसवले. चीर पात्यासमोर असली की पाते मिटते, कडे फिरवले की वाट बंद. इतक्या कमी भागांत इतके काम करणारी दुसरी रचना मला तरी माहीत नाही. अमेरिकेत १९६४ पासून बक कंपनीच्या चाकूने पाठीवरचा दाबपट्टीचा अडसर लोकप्रिय केला. १९८० च्या सुमारास मायकेल वॉकर यांनी मुठीच्या आतील पातळ पट्टीच कापून, वाकवून ती पात्यामागे सरकेल अशी केली. एका हाताने उघडता-मिटवता येते ही तिची सोय. मात्र मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, हा तिचा दोष.

युद्धकलांच्या दृष्टीने सर्वांत चतुर उत्तर मला फिलिपिन्सचे वाटते. तिथल्या बातांगास प्रांतातील ‘बालिसाँग’ला मूठ एक नसून दोन अर्ध्या मुठी असतात. दोन्ही वेगवेगळ्या खिळ्यांभोवती फिरतात आणि पात्यामागे एकत्र येतात. पाते मिटायचे तर दोन्ही अर्ध एकमेकांपासून दूर गेले पाहिजेत, आणि ते तर माणसाने मुठीत आवळलेले! जितके घट्ट धरावे तितके पाते पक्के. इथे अडसर म्हणजे धरणाऱ्याचा हातच. फिलिपिन्सने २००९ मध्ये आपली अर्निस ही युद्धकला राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केली. तिचा सराव मुख्यतः वेताच्या काठ्यांनी आणि लाकडी किंवा बोथट चाकूंनी होतो, धारदार पात्यांनी नव्हे. शिकणाऱ्याला ‘कोणता चाकू घ्यावा’ याचे पहिले उत्तर तिथेच मिळते.

रोजच्या कामासाठी चाकू घेताना मी पोलादाच्या नावापेक्षा तो उघडून, टोक धरून, पाते डुगडुगते का ते पाहतो. लांबीचा मोह धरत नाही. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते, ते घरगुती वा शेतीच्या कामासाठी बनवलेले नसेल, तर आपल्या शस्त्रविषयक नियमांच्या कक्षेत येते. फळ कापायला तीन इंच पुरतात.

जपानमध्ये शाळकरी मुलांच्या खिशात ‘हिगोनोकामी’ असे. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, स्प्रिंग नाही, अडसर नाही. पात्याच्या बुडाची छोटी शेपटी अंगठ्याने दाबून धरायची, इतकेच. ऑक्टोबर १९६० मध्ये सतरा वर्षांच्या एका मुलाने राजकीय नेते इनेजिरो असानुमा यांची भरसभेत हत्या केली. तिचे हत्यार आखूड तलवार होते, हिगोनोकामी नव्हे. तरीही मुलांच्या हाती पाती नकोत अशी मोहीम देशभर उभी राहिली, दप्तरांतून चाकू गेले आणि पेन्सिलींसाठी यंत्रे आली. मात्र नागानो प्रांतातील एका प्राथमिक शाळेने १९८० च्या दशकात उलटी प्रथा सुरू केली. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला तिथे एक हिगोनोकामी दिला जातो, आणि आपली पेन्सिल त्याने स्वतःच तासायची असते, अंगठा त्या शेपटीवर ठेवून.