पहिले चित्र नाव पाहून घेऊ नये

पहिले चित्र विकत घेऊ पाहणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो. घ्यायचे तर नावाजलेल्या चित्रकाराचेच घ्या. मूळ चित्र परवडत नसेल तर सही केलेली छापील प्रत घ्या. नाव मोठे असले की पैसा बुडत नाही. दाखलाही तयार असतो. चित्रकार हुसेन यांचे १९५४ मधले ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. मग अनोळखी पोराच्या चित्रावर पैसे का घालावेत, असा हा पूर्वपक्ष आहे.

पण हा दाखलाच पूर्वपक्षावर उलटतो. ‘ग्रामयात्रा’ विकत घेतले ते १९५४ मध्ये, लिओन व्होलोदार्स्की नावाच्या डॉक्टरांनी. हुसेन तेव्हा चाळिशीच्या आतबाहेरचे, अजून वाट काढणारे चित्रकार होते. डॉक्टरांनी चित्र विकलेही नाही. ते चित्र ओस्लोच्या रुग्णालयाकडे गेले आणि अनेक दशके तिथेच राहिले. म्हणजे ज्याने ते पारखून घेतले, त्याच्या हाती या कोटींतला एक रुपयाही आला नाही. शिवाय १९५४ मध्येच विकल्या गेलेल्या इतर कितीतरी चित्रांचा आज पत्ता नाही. लिलावाच्या बातम्या वर आलेल्यांच्याच येतात.

आता नवशिक्याच्या खिशाकडे पाहू. गायतोंडे यांचे एक चित्र २०१३ मध्ये मुंबईत २३ कोटींहून अधिक किमतीला विकले गेले. वीस-पंचवीस हजारांत अशा नावाचे मूळ काम मिळणे नाही. मिळते ती बहुधा कॅनव्हासवर यंत्राने छापलेली प्रत. भिंग धरले की रंगाचे बारीक ठिपके दिसतात. याच पैशांत तरुण चित्रकाराचे अस्सल एचिंग मिळू शकते. कोरलेल्या पत्र्यात शाई भरून, ओलसर कागदावर दाबून काढलेले हे चित्र तिरप्या उजेडात धरले, तर पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उमटलेला दिसतो. खाली पेन्सिलीने ७/२५ लिहिलेले असते, म्हणजे पंचविसांतली सातवी प्रत. पहिल्या वस्तूत मोठे नाव आहे, दुसरीत चित्रकाराचा हात आहे.

मोठे नाव सुरक्षित, हेही खरे नाही. नकला मोठ्या नावांच्याच होतात. २००९ मध्ये दिल्लीत रझा यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा खुद्द रझांनाच भिंतीवरची चित्रे बनावट असल्याचे दिसून आले. जाणकारांच्या वर्तुळात हे घडत असेल, तर पहिल्यांदाच पाकीट उघडणाऱ्याने काय करावे? आणि चित्र म्हणजे सोने नव्हे की सकाळी सराफाकडे नेले आणि दुपारी रोख घेऊन परतलो. ते विकायला गिऱ्हाईक शोधावे लागते आणि लिलावात दलाली मोजावी लागते.

“नाव नसेल तर दर्जा कसा ओळखायचा?” हा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे, त्याला उत्तर दिलेच पाहिजे. नावाची जादा किंमत ही दुसऱ्याने आधी केलेल्या पारखीची किंमत असते. ती पारख स्वतः करता येते आणि पाहायला पैसे पडत नाहीत. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून हेच शिक्षण फुकट देत आली आहे. तिथे चित्रकार बहुधा आपल्या चित्रांपाशीच असतो. त्याची जुनी कामे पाहायला मागावीत. तो एकच ठरीव युक्ती फिरवतो आहे की काही शोधतो आहे, हे दहा चित्रे शेजारी ठेवली की कळू लागते. माध्यम, कागद, रंग टिकण्याबद्दल विचारावे. पावतीवर शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार आणि सही घ्यावी. चित्रकाराच्या हातून घेतलेल्या चित्राच्या अस्सलपणाचा वादच उरत नाही.

हा मार्ग भाबडा नाही. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या निधीतला १ टक्का कलेसाठी वापरण्याची परवानगी नेहरूंकडून मिळवली आणि आपल्याच काळातल्या चित्रकारांची कामे घेतली. न्यूयॉर्कचे हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल हे टपाल कर्मचारी आणि ग्रंथपाल असे जोडपे. तिच्या पगारात घर चालवायचे, त्याच्या पगारात कला घ्यायची. अटी दोनच: परवडले पाहिजे आणि छोट्या फ्लॅटमध्ये मावले पाहिजे. १९९२ मध्ये त्यांचा संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीकडे जायचे ठरले. दोन्हीकडे डोळे आधी पोहोचले, नाव मागून आले.

पुस्तक विकत घेणारा आणि मैफलीचे तिकीट काढणारा मराठी माणूस चित्रापाशी आला की हमी मागतो. गायतोंडे, आरा, हुसेन यांच्या पहिल्या ग्राहकांना अशी हमी कोणी दिली नव्हती. त्यांनी पाहिले, पटले आणि पैसे दिले, म्हणून ते चित्रकार काम करत राहू शकले. पहिले चित्र आज काम करणाऱ्या, हयात चित्रकाराकडून, मूळच घ्यावे. भाव पुढे चढो वा न चढो, त्या पैशातून एक चित्रकार पुढचे चित्र काढतो. मोठ्या नावाच्या छापील प्रतीतून हे कधीच साधणार नाही.