बार्शीचे ट्रक आणि संमतीचा कागद

वैद्यकीय उपचार नाकारण्याच्या हक्काची चर्चा आपल्याकडे बहुधा अरुणा शानबाग प्रकरणातील २०११ च्या निकालापासून सुरू होते. तो निकाल महत्त्वाचा आहे, यात वाद नाही. पण सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने ही चर्चा बार्शीपासून सुरू करावी, असे मला वाटते.

जानेवारी १९७६. आणीबाणीचा काळ. बार्शी नगरपरिषदेला दहा दिवसांत एक हजार नसबंदी शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट ठरवून दिलेले. पहिले दोन दिवस कोणी फिरकले नाही. मग पुढचे आठ दिवस नगरपरिषदेचे दोन ट्रक गावभर फिरले. खेड्यांतून कामासाठी आलेल्या माणसांना धरून ट्रकमध्ये कोंबण्यात आले, दाबून धरून त्यांच्यावर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. भर रस्त्यात ज्याच्या दंडाला धरता येते तो माणूस कोण असतो, हे या वाचकांना सांगायला नको.

त्याने दाद मागायची कोठे? २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच सांगून टाकले की, आणीबाणीत जीवित-स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात येता येणार नाही. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे, न केल्यास तुरुंगवास सांगणारे विधेयक संमत केले. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने! राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या.

संततिनियमनाला आपला विरोध होता, असे मात्र कोणी समजू नये. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी मांडलेल्या संततिनियमनाच्या ठरावामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. सरकारने प्रचार करावा, सोयी पुरवाव्यात, अशी ती मागणी होती. ती फेटाळली गेली. लोकांना सोयी द्यायला नकार देणारी सत्ता पुढे अडतीस वर्षांनी ट्रक घेऊन आली.

कायदा बदलला, पण सावकाश. २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, सज्ञान स्त्रीच्या शस्त्रक्रियेला तिच्या आईची संमती चालणार नाही. तिची स्वतःचीच हवी. २०१७ मध्ये आणीबाणीतला तो निकाल रद्द ठरला. २०१८ मध्ये उपचार नाकारण्याचा हक्क अनुच्छेद २१ खाली स्पष्ट झाला. २०२२ मध्ये लसीची सक्ती कोणावर करता येत नाही, हेही न्यायालयाने सांगितले. हे सर्व मी वर्गात शिकवते.

माझ्या आईची गर्भपिशवी काढली तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दवाखान्यातला संमतीचा कागद इंग्रजीत होता. तो आईपुढे नाही, वडिलांपुढे सरकवण्यात आला. घरात वाचता येणारी मी एकटीच. मी तो वाचला नाही. सही कोठे करायची, तेवढे वडिलांना बोटाने दाखवले.