खुणा चार, परीक्षक कोण?
मनुस्मृती, अध्याय २, श्लोक १२ आणि १३ यांवरील भाष्य: कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणाच्या संदर्भात

उपोद्घात

श्रद्धा आली की चिकित्सा संपली, असे सर्रास बोलले जाते. धर्मशास्त्राची पोथी उघडली तर वेगळेच दिसते. खरा धर्म ओळखायचा कसा, या एका प्रश्नावर तिथे पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. मनुस्मृतीतले हे दोन श्लोक म्हणजे त्या चर्चेचा गाभा. याच ग्रंथाची २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला होळी झाली. तेव्हा तो प्रमाण मानून हे भाष्य लिहिलेले नाही. ज्यांनी तो प्रमाण मानला, त्यांनी आपल्याच कसोट्या कशा वापरल्या, एवढेच पाहायचे आहे. त्यासाठी कोल्हापूर सोडून लांब जायला नको.

प्रकरण असे. १८९९ सालचे कार्तिकस्नान. कोल्हापूरचे राजे शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले होते आणि मुंबईचे संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत सोबत होते. भटजी म्हणत होते ते मंत्र वेदांतले नव्हते, पुराणांतले होते. शास्त्रीबुवांच्या कानाने ते तत्काळ टिपले. महाराजांनी खुलासा विचारला, तेव्हा शूद्राला पुराणोक्तच, असे उत्तर मिळाले. भटजींनी स्वतः आंघोळही केलेली नव्हती आणि पुराणोक्ताला ती लागत नाही असे त्यांचे म्हणणे होते, असे सांगतात. पुढे राजघराण्याच्या पुरोहितांनी, म्हणजे राजोपाध्यांनी, वेदोक्ताला साफ नकार दिला, १९०२ मध्ये त्यांची इनामे जप्त झाली आणि त्यांची दाद व्हाइसरॉयपर्यंत जाऊन फेटाळली गेली.

श्लोक १२, पहिली खूण: वेद

भावार्थ: धर्म ओळखण्याची पहिली खूण म्हणजे वेद.

भाष्य: वेद खरे कशावरून? मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे शास्त्रकार, म्हणतात, त्यांना कर्ताच नाही. माणसाचे बोलणे खोटे ठरते ते बोलणाऱ्याच्या अज्ञानामुळे, लबाडीमुळे किंवा भ्रमामुळे. बोलणाराच नसेल तर हे दोष चिकटणार कुणाला? शिवाय ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याला बाध आणणारे काही पुढे आले तरच ते सोडायचे. म्हणजे सिद्ध करण्याचा भार मानणाऱ्यावर नाही, नाकारणाऱ्यावर आहे.

युक्तिवाद चिरेबंदी आहे, पण कोल्हापुरात त्याचा काही उपयोग नव्हता, कारण वेद खरे आहेत याबद्दल दोन्ही पक्षांचे एकमतच होते. वाद अधिकाराचा होता. इथे या पहिल्या खुणेतली मेख उघडी पडते. ज्याला वेद ऐकण्याचाच अधिकार नाही, त्याने आपल्याला अधिकार नाही हे वेदांतून पडताळायचे कसे? पंचगंगेवर मंत्र वेदांतले नाहीत, हे महाराजांना दुसऱ्याच्या कानांवर विसंबून कळले. एकोणिसाव्या शतकात मात्र हे कुलूप सैल होऊ लागले होते. मॅक्समुल्लरची सायणभाष्यासह ऋग्वेदाची आवृत्ती १८७४ पर्यंत छापून पुरी झाली होती आणि शंकर पांडुरंग पंडितांच्या ‘वेदार्थयत्ना’तून १८७६ पासून ऋग्वेद मराठीतही येऊ लागला होता. छापील पान वाचणाऱ्याची जात विचारत नाही.

दुसरी खूण: स्मृती

भावार्थ: वेद जाणणाऱ्यांनी आठवून सांगितलेली शास्त्रे, ही दुसरी खूण.

भाष्य: राजोपाध्यांच्या बाजूची सारी भिस्त या खुणेवर होती. परशुरामाने क्षत्रिय संपवले, उरलेसुरले नंदांबरोबर गेले, कलियुगात ब्राह्मण आणि शूद्र हे दोनच वर्ण राहिले, म्हणून भोसल्यांना वेदोक्त नाही. हा पूर्वपक्ष नवा नव्हता. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनाही त्याला तोंड द्यावे लागले होते.

पण स्मृती म्हणून जे सांगितले जाते ते सगळे ग्राह्य, असे मीमांसक मानत नाहीत. मीमांसासूत्रकार जैमिनीची इथे दोन सूत्रे आहेत. श्रुतीशी विरोध असेल तर स्मृती बाजूला ठेवावी, हे एक. दुसरे अधिक धारदार: स्मृतिवचनामागे व्यवहारातला हेतू दिसत असेल तर ते प्रमाण नव्हे. त्यावर भाष्यकार शबरस्वामींचे उदाहरण मुळातून वाचण्याजोगे आहे. यज्ञमंडपात औदुंबराचा खांब असतो. त्याला स्पर्श करून गावे, असे श्रुती सांगते. तो पूर्ण वस्त्राने गुंडाळावा, असे स्मृती सांगते. पूर्ण गुंडाळला तर स्पर्श कुठे करणार? मग असे वचन आले तरी कुठून? शबर आडपडदा ठेवत नाहीत. कुणा ऋत्विजाला ते वस्त्र हवे होते, म्हणून लोभापायी त्याने खांब गुंडाळला आणि पुढे तीच रीत पडली. दुसऱ्या एका विधीतले वस्त्र अध्वर्यू घेतो, तिथेही शबर लोभच दाखवतात.

वेदाला शिरोधार्य मानणारा भाष्यकार पुरोहिताच्या लोभावर असे नेमके बोट ठेवतो, हे विसरता कामा नये. वेदोक्त नाकारण्यामागे कुणाचा काय लाभ होता, असे कोल्हापुरात कुणी विचारले असते, तर तो पाखंडी प्रश्न ठरला नसता. तो शबरांचाच प्रश्न होता.

शंका: मग मनूने अकराव्या श्लोकात तर्काच्या बळावर श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्याला बहिष्कृत करायला सांगितले, त्याचे काय? समाधान: त्याच ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात वेदाला न दुखावणाऱ्या तर्काने जो शोध घेतो त्यालाच धर्म कळतो, असेही सांगितले आहे. म्हणजे तर्काला दार बंद नाही, दारावर पहारा आहे. पहारेकरी कोण, हे मात्र श्लोक सांगत नाही.

तिसरी खूण: सदाचार

भावार्थ: सज्जनांचे परंपरेने चालत आलेले वागणे, ही तिसरी खूण.

भाष्य: सदाचार कुठला, याचे उत्तर मनूने पुढे अठराव्या श्लोकाच्या आसपास दिले आहे: सरस्वती आणि दृषद्वती या नद्यांमधल्या देशातला. पंचगंगाकाठच्या माणसाला त्याचा उपयोग किती? मीमांसक इथे अधिक उदार आहेत. पूर्वेकडच्या लोकांच्या होलाका उत्सवाची चर्चा करून ते म्हणतात की आचार एका प्रांताचा दिसला तरी त्यामागचा विधी एका प्रांतापुरता नसतो.

वेदोक्त प्रकरणात दोन आचार समोरासमोर ठाकले. एक वाड्यातला: इतकी वर्षे पुराणोक्तच चालले होते आणि कुणी हरकत घेतली नव्हती. दुसरा रायगडावरचा: २९ मे १६७४ रोजी शिवाजी महाराजांची मुंज झाली आणि ६ जूनला काशीच्या गागाभट्टांच्या हातून राज्याभिषेक झाला. गागाभट्ट काही ऐरेगैरे पंडित नव्हते. ‘निर्णयसिंधू’कार कमलाकरभट्ट त्यांचे चुलते. ज्या घराण्याचे ग्रंथ धर्मनिर्णयासाठी उघडायचे, त्याच घराण्यातल्या पंडिताने भोसल्यांचे क्षत्रियत्व मान्य केले होते.

इथे जुना आचार आणि चालू आचार यांत निवड करायची होती. संस्थानने नेमलेल्या समितीने १९०२ मध्ये राजघराण्याला वेदोक्ताचा अधिकार आहे, असा कौल दिला. माणसाची आठवण दोन पिढ्या मागे जाते, दप्तर दोन शतके मागे जाते. ‘पूर्वापार’ म्हणून सांगितले जाणारे पुष्कळ काही कागद काढले की अलीकडचे निघते.

चौथी खूण: आत्मतुष्टी

भावार्थ: स्वतःच्या मनाला जे रुचते, समाधान देते, ती चौथी खूण.

भाष्य: आधुनिक वाचक या खुणेवर खूश होतो: चला, मनूनेही सदसद्विवेकाला जागा दिली! टीकाकारांनी मात्र ती जागा फार अरुंद करून ठेवली. कुल्लूकाच्या मते शास्त्रानेच विकल्प दिला असेल तिथेच आत्मतुष्टी चालेल. होम सूर्योदयापूर्वी की नंतर, हे दोन्ही श्रुतीला मान्य आहे; तिथे मनाला पटेल ते करावे. मीमांसक कुमारिलांनी तर मिठाच्या खाणीचा दृष्टान्त दिला. खाणीत जे पडेल त्याचे मीठच होते, तसे वेदात मुरलेल्या मनाला जे वाटेल ते वेदाला धरूनच असते. म्हणजे कौल मनाचा, पण मन आधी मुरवून घेतलेले.

मग पंचगंगेवर महाराजांच्या मनाला जे सलले, त्याची गणना कशात करायची? चौकटीप्रमाणे ते प्रमाण नाही, कारण इथे विकल्प नव्हता. पण ते सलले नसते तर उरलेल्या तीन खुणा तपासायला कुणी घेतल्याच नसत्या. आत्मतुष्टी निकाल देत नसेल; तिचा अभाव मात्र खटला उभा करतो. टीकाकारांनी हे काम तिच्याकडे दिले नव्हते, आणि प्रत्यक्षात ती नेहमी हेच काम करत आली आहे.

श्लोक १३, पूर्वार्ध

भावार्थ: अर्थ आणि काम यांत जे गुंतलेले नाहीत, त्यांच्यासाठीच धर्माचे ज्ञान सांगितले आहे.

भाष्य: प्रवचनांत ही ओळ वैराग्याच्या उपदेशावर भागवली जाते. खरे तर ती परीक्षकाची पात्रता आहे. ज्याचे काही अडकले आहे, त्याने निवाडा करू नये.

या ओळीपुढे कोल्हापुरातले दोन्ही पक्ष अडचणीत येतात. राजोपाध्यांची इनामे पौरोहित्याशी बांधलेली होती, हे उघड आहे. पण महाराजही तटस्थ नव्हते. सवाल त्यांच्याच कुळाचा, समिती त्यांच्याच संस्थानची, जप्तीचा अधिकार त्यांच्याच हातात. १९०५ मध्ये करवीर पीठाचे शंकराचार्य ब्रह्मनाळकर यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. त्याआधी मठाच्या उत्पन्नावरही संस्थानची जप्ती आली होती. लोभाची कसोटी एका बाजूला लावायची आणि दुसरीला सोडायची, हे शबरांच्या शिष्याला शोभणार नाही. ‘केसरी’ने १९०१ मध्ये वेदोक्ताच्या मागणीवर कडक टीका केली, तीही ज्या ब्राह्मण समाजाचा मान पणाला लागला होता त्याच समाजातून आली होती.

श्लोक १३, उत्तरार्ध

भावार्थ: धर्म जाणू इच्छिणाऱ्यांना श्रेष्ठ प्रमाण श्रुती हेच.

भाष्य: चार खुणांत तंटा झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, एवढेच ही ओळ सांगते. शाहू महाराजांच्या पुढच्या वीस वर्षांत या ओळीला तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. आर्य समाज १९१८ मध्ये कोल्हापुरात आला. त्याचे म्हणणे, श्रुती श्रेष्ठच, पण ती सर्वांची. ११ जानेवारी १९११ रोजी भास्करराव जाधवांच्या अध्यक्षतेखाली उभा राहिलेला कोल्हापूरचा सत्यशोधक समाज म्हणत होता की देव आणि भक्त यांच्यामध्ये दलाल नको. त्याने १९१३ मध्ये शाळा काढून बहुजनांतून पुरोहित तयार केले. तिसरे उत्तर १९२० चे. महाराजांनी सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर बसवले. पहिल्या उत्तरात ग्रंथ तोच राहिला आणि वाचक वाढले. दुसऱ्यात मध्यस्थाची मिरासदारी मोडली. तिसऱ्यात पीठ तसेच राहिले, बसणारा बदलला. त्या दृष्टीने तिसरे उत्तर सर्वांत कच्चे. गादी आली की तिच्याभोवती अर्थ आणि काम गोळा होतात, मग तिच्यावर ब्राह्मण बसो की क्षत्रिय.

निष्कर्ष

चारही खुणा दोन्ही पक्षांनी वापरल्या आणि दोघांनाही त्यांत आपल्या सोयीचे सापडले. यावरून खुणा निरुपयोगी ठरत नाहीत. वेदाचा अर्थ, स्मृतीमागचा हेतू, आचाराचे वय, मनाची सल या चारही गोष्टी आजही तपासता येतात, आणि आपल्या संप्रदायाची एखादी शिकवण खरी का, असा प्रश्न पडलेला कुणीही माणूस कळत नकळत याच चारांपैकी एकीकडे वळतो. उणीव राहते ती क्रमात. परंपरा आधी बारावा श्लोक शिकवते आणि तेरावा शोभेसाठी ठेवते. तेराव्याचा पूर्वार्ध आधी वाचावा. एखादी शिकवण खरी आहे असे जो सांगतो, ती खोटी ठरली तर त्याचे काय जाते, हे प्रथम विचारावे. हाच प्रश्न आपल्यालाही लावावा, आणि मगच चार खुणा मोजायला घ्याव्यात.