आपली गाणी घेऊन परतलेला बँड

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

जुने कलावंत पुन्हा मंचावर आले की आपण मनापासून टाळ्या वाजवतो. पण त्या टाळ्या बहुधा आपल्या आठवणींना असतात. जुनी दहा गाणी झाली की श्रोते खूश आणि आयोजकही खूश. नवे गाणे सुरू झाले की लोक चहाला उठतात. म्हणूनच मुंबईच्या ‘इंडस क्रीड’ या रॉक बँडच्या पुनरागमनाची गोष्ट आज सांगावीशी वाटते.

या बँडचे पहिले नाव ‘रॉक मशीन’. तो 1984 मध्ये मुंबईत सुरू झाला. गिटारवादक महेश तिनईकर आणि गायक उदय बेनेगल ही त्यातली ठळक नावे. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक रॉक बँड परदेशी गाणी वाजवीत. मी वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीचा. मुंबईच्या धोबीतलावचे रंगभवन आम्हाला फार दूर, पण हा प्रकार मात्र ओळखीचा. गणेशोत्सवात आमच्याकडे ऑर्केस्ट्रा यायचा आणि गायकाला सर्वांत मोठी शाबासकी मिळायची ती ‘हुबेहूब किशोर!’ अशी. रंगभवनातल्या रॉकच्या श्रोत्यांनाही परदेशी गाणे हुबेहूबच हवे असे.

अशा श्रोत्यांपुढे स्वतःची गाणी म्हणायला धाडस लागते. ‘रॉक मशीन’ने ते केले. 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि 1990 मध्ये ‘द सेकंड कमिंग’ असे स्वतःच्या गाण्यांचे दोन अल्बम त्यांनी काढले. 1991 मध्ये उपग्रह वाहिन्यांबरोबर एमटीव्ही आशियात आला आणि गावोगावी केबलच्या तारा पसरू लागल्या. 1993 मध्ये बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले. इंडस म्हणजे सिंधू. भाषा इंग्रजी, वाद्ये विलायती, पण माणसे इथली, हे आता नावातच आले. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

पण वारे फिरले. 1995 मध्ये बँडचा तिसरा अल्बम आला आणि त्याच वर्षी अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने देश दणाणून सोडला. हिंदी पॉपची बाजारपेठ मोठी होती. कंपन्या आणि वाहिन्या तिकडे वळल्या. इंग्रजीत गाणाऱ्या देशी बँडची जागा आक्रसत गेली. 1997 मध्ये ‘इंडस क्रीड’ थांबला. बेनेगल पुढे न्यूयॉर्कला गेले.

तेरा वर्षांनी, 2010 मध्ये, बँड पुन्हा उभा राहिला. बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया हे जुने, तर बासगिटारवर रशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे नव्या पिढीचे. जुन्या लोकप्रिय गाण्यांवर त्यांना सहज निभावता आले असते. पण त्यांनी नवी गाणी रचली आणि 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम काढला. त्याचे मिश्रण टिम पामर यांनी केले. अमेरिकेतल्या ‘पर्ल जॅम’च्या 1991 मधल्या गाजलेल्या ‘टेन’ या अल्बमचे मिश्रणही त्यांचेच. ही नवी गाणी घेऊन बँड देशातल्या शहरांत फिरला. तिथल्या कितीतरी श्रोत्यांनी जुना ‘रॉक मशीन’ पाहिलाही नव्हता. त्यांना आठवणी विकता येणार नव्हत्या. नवे गाणेच पटवावे लागणार होते.

आमच्या नालवाडीत 1930 च्या दशकात विनोबांनी एक प्रयोग केला होता. स्वतः कातलेल्या सुताच्या मजुरीवर जगायचे. त्यात ओढाताण फार, पण मिळेल ते आपल्या हातचे. रॉक संगीताचा आणि त्या प्रयोगाचा संबंध नाही, हे मलाही कळते. तरी या बँडचा विचार करताना मला तो आठवतो. कालच्या कमाईवर बसून न राहता आजचे सूत आज कातायचे, एवढे साम्य मला पुरेसे वाटते.

यात एक वाटा श्रोत्यांचाही आहे. नवे ऐकणारे कान नसतील, तर नवे रचणारे हात किती दिवस टिकतील? तेव्हा यंदा गणपतीत गावातल्या एखाद्या पोराने स्वतः बांधलेली चाल म्हटली, तर ती संपेपर्यंत बसा. चहा काय, नंतरही मिळतो.